तात्यांचा पालथा आरसा

रंगवायला तात्यांच्या हाती तोंड दिलं की डोळे मिटायचे आणि ते सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. आरसा टेबलावर पालथा, मोबाइल पिशवीत. बारामतीच्या आमच्या हौशी नाटक मंडळात डॉक्टर होते, वकील होते, पण रंगपटात सगळे तात्यांपुढे गपगुमान बसायचे. कुणी डोळे किलकिले केलेच, तर गालावर ब्रशाची दांडी बसायची. "आरसा शेवटी. भात शिजताना सारखं झाकण काढतं का कुणी?"

तात्या जळोचीचे. घरी ऊस होता, पण जीव सगळा रंगभूषेच्या पत्र्याच्या पेटीत. माणूस समोर आला की नावाच्या आधी ते त्याचा रंग बघायचे. वकीलसाहेब साईचे, डॉक्टरीणबाई चहाच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते हे त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नाही. "तू म्हंजे कोरा चहा," ते म्हणायचे, "पण घाबरू नगं. दूध माझ्या पेटीत हाय." सगळे हसायचे, मीही हसायचे. डाळीच्या पिठापासून ट्यूबमधल्या क्रीमपर्यंत गोरेपणाचे सगळे उपाय सोसून झालेल्या बाईला हसायची सवय होतेच. दहा वर्षं मी नाटकांत मोलकरीण, शेजारीण, नर्स अशी कामं केली आणि दरवेळी तात्यांनी मला मायेनं उजळ केलं.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे नाटक ते कधीच बघत नसत. शेवटचं तोंड रंगवून झालं की बाहेर जाऊन वडापाव खायचे आणि पडदा पडायच्या बेताला परत यायचे. "माझं नाटक तोंडापुरतं," म्हणायचे. त्यामुळे शेकडो प्रयोग करूनही एकाही नाटकाची गोष्ट त्यांना सांगता आली नसती. याची आम्ही पुष्कळ थट्टा केली. ही खोड किती महागात पडणार आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमची नाटकं बसवणाऱ्या सरांनी तेव्हा एक नवं नाटक लिहिलं होतं. आफ्रिकेतून शिकायला आलेली एक मुलगी आपल्याकडच्या गावात खोली शोधते आणि दारात तिचा रंग बघून जो तो 'खोली रिकामी नाही' म्हणतो. त्या मुलीचं काम सरांनी मला दिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मी होते तशी हवी होते. सरांनी तात्यांना बजावलं, "नायिका आफ्रिकेची आहे बरं का." तात्या म्हणाले, "व्हय व्हय, सर."

पहिला प्रयोग इंदापूरला होता. मी डोळे मिटले. तात्यांनी त्या दिवशी तोंड, मान, हात, सगळं इतकं निगुतीनं केलं की मला मधे डुलकी लागली. दुसरी घंटा झाली तेव्हा त्यांनी आरसा उताणा केला. "बघ आता! आज पहिल्यांदा हिरॉईन झालीस. म्हटलं, पोरीसाठी सगळी कला लावायची."

आरशात एक गोरीपान बाई होती.

पहिल्याच प्रवेशात घरमालक दार उघडून माझं तोंड बघतो आणि नकार देतो. ह्या तोंडाला कोण नकार देणार? ते तोंड घेऊन गेले असते तर नाटक तिथंच संपलं असतं. "तात्या, ती काळी आहे! म्हणूनच तर तिला खोली मिळत नाही!" मी ओरडले. तात्यांनी ब्रश खाली ठेवला. "आफ्रिकेची आसंल, पन हिरॉईन हाय न्हवं?"

मी खोबरेल तेलाची बाटली तोंडावर, मानेवर, हातांवर ओतली आणि टॉवेलनं खसाखसा पुसायला लागले. तात्यांनी माझा हात धरला. "येडी का काय? येवढ्या लोकांफुडं अशीच जानार?"

"अशीच," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

तिसरी घंटा झाली तेव्हा मी विंगेत होते. प्रयोग झाला. घरमालकानं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि नकार दिला. मधेच विंगेकडे नजर गेली. तात्या वडापाव खायला गेले नव्हते. डोळे फाडून नाटक बघत होते आणि खुणेनं सांगत होते की डावा कान पांढराच राहिलाय.

नंतर ते रिकाम्या रंगपटात बसलेले सापडले. म्हणाले, "माझी लेक मंगल तुझ्याच रंगाची. डाळजचं पावनं बघाय आलं तवा मीच तिचं तोंड रंगवलं. जागच्या जागी पसंत. लग्नानंतर सासूनं चार बायकांत तिला तोंड धुवाय लावलं. 'बापानं फसवलं' म्हनाली. चौदा वर्सं झाली, सासू आजून म्हनतीया."

"एवढं होऊनही तुम्ही मला रंगवलंत?"

"पसंत तर पडली न्हवं," तात्या म्हणाले.

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला रागावताही येईना. पुढं त्यांनी पेटी फारशी उघडली नाही. कुणाला रंगवलंच तर आरसा आधी समोर उभा करायचे आणि विचारायचे, "कसं पायजे?"

गेल्या वर्षी त्यांना भेटायला जळोचीला गेले. अंथरुणाला खिळले होते. मंगल डाळजहून येऊन राहिली होती. ती चहा ठेवायला आत गेल्यावर तात्यांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांग. इंदापूरला आरशात बघितलंस तवा, यक घडीभर तरी, आवडलं व्हतं का?"

आवडलं होतं. ओरडायच्या आधी एक क्षण मला ती बाई फार आवडली होती. विज्ञान शिकवणाऱ्या, ते नाटक तोंडपाठ असलेल्या मला. त्या क्षणाची आजही लाज वाटते, आणि तो क्षण त्यांनी पाहिला होता, याचा तर धक्काच बसला.

"नाही," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. "मंगललाबी तवा ह्येच इचारलं व्हतं. तीबी न्हायच म्हनाली."

तेवढ्यात मंगल चहा घेऊन आली आणि मी कप हातात घेतला. महिनाभरात तात्या गेले. खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच.