दातात धरलेली वायर

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात वायर सोलायचा स्वस्तातला चिमटा बघत होते. दुकानदारानं सोलून बघायला वायरचा तुकडा हातात दिला. त्याच्या रबरी वासानं अण्णा आठवले.

माझे वडील, अण्णा, वायरमन होते. वायर दातानंच सोलायचे; पुढच्या दाताला खाच पडली होती. एकदा आईनं त्यांना असाच चिमटा घ्यायला दुकानात ओढत नेलं; मीही सोबत होते.

"अवं, दात काय परत येणार हायत व्हय?"

अण्णांनी चिमटा दाबून बघितला, खाली ठेवला आणि खाच दाखवत हसले. "माझा चिमटा तोंडातच हाय की!"

आई भर दुकानात कडाडली. मी लाजेनं मान खाली घातली.

आज तो तुकडा नकळत माझ्याच दातात गेला.

"ओ ताई, दात जाईल की!" दुकानदार ओरडला.

चिमटा घेतला. बाहेर पायरीवर येऊन तुकडा पुन्हा दातात धरला. आईसारखं कुणीच ओरडलं नाही.