खाणीवरची साडी, वरून शर्ट

आधी सुमनकाकूंचं नाव लिहिते. बाकीचं मग. त्या नसत्या तर हे लिहायला मी बसलेच नसते. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांचं घर. नवरा मुंबईला, मुलगाही मुंबईला. आम्ही घाटावरचे, जतकडचे. आईबाबा चिऱ्याच्या खाणीवर कामाला आले आणि काकूंच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत आम्ही राहिलो. मी आठवीत शाळा सोडलेली. मुलगा जाताना ठेवून गेलेला लॅपटॉप काकूंनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवला होता. तो अभ्रा त्यांनी माझ्यासमोर काढला. म्हणाल्या, "बस गो ह्याच्यावर. बिघडला तर बिघडला. तुला कोन खातंय?"

त्यावर मी शिकले. व्हिडिओ बघून, चुकत, रडत. वेबसाइट करायला शिकले. मग शहरातल्या एका ऑफिसात लागले. आता तिथं काय झालं ते सांगते.

रत्नागिरीत एका हॉलमध्ये वेबसाइटवाल्यांचा मेळावा होता. बाजारात नवं काय आलंय, कुठलं टूल काय करतं, असलं सगळं. आदल्या दिवशी आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, मला म्हणाले, "उद्या हा ड्रेस नको. खाणीवर बायका येतात ना, तशी ये. साडी, वरून पुरुषाचा शर्ट."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा.

"हसतेस काय? सांगतोय ते कर."

नोकरी जाईल म्हणून केलं. आईची साडी नेसले. वरून बाबांचा शर्ट. त्या शर्टातली तांबडी धूळ कितीही धुतली तरी जात नाही. हॉलमध्ये गार हवा होती आणि मला घाम फुटलेला.

सरांनी मला स्टेजवर बोलावलं. "ही बघा. आठवी सोडलेली. चिऱ्याच्या खाणीवरची. हिला एबीसीडी धड येत नाही. आता ही तुमच्यासमोर वेबसाइट करणार आहे." मागच्या पडद्यावर कोड लिहून देणारं नवं एआय टूल. माझ्या हातात माइक. "तुमच्या भाषेत सांग त्याला."

मी म्हणाले, "मला आंबा इकायचा हाय."

हॉल हसला. सर पडद्याकडे वळले, काहीतरी दाबलं, आणि पान आलं. आंब्याचे फोटो, पेटी किती डझनाची, आंबा कच्चा हवा की आढीत पिकवलेला, पेटी कुठल्या दिवशी निघणार. टाळ्या.

ते पान माझं होतं. पावसच्या एका बागायतदारासाठी मी ते केलं होतं. सरांनी शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवलं होतं, ते नुसतं पुढं आणलं. टूलनं काही केलं नव्हतं.

"काय गं, तुला काय येत होतं?"

"काही येत नव्हतं, सर."

"आणि आता?"

"टूलच करतं सगळं."

हे त्यांनी शिकवलेलं. ते मी बोलले. टूल विकणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ मिळालं. फोटोच्या वेळी सर मला म्हणाले, "जरा लांब उभी राहा. शर्ट लागेल कुणाला."

आमच्या ऑफिसात शनिवारी चहाबरोबर प्रत्येकानं एक बातमी सांगायची, अशी पद्धत. कुठल्या ब्राउझरनं काय बदललं, सगळे वापरतात त्या कुठल्या पॅकेजमध्ये चोरांचा कोड सापडला. मला तो चहा फार आवडायचा. मीही बातमी वाचून, पाठ करून जायचे. माझी पाळी आली की सर म्हणायचे, "पुढे." त्या शनिवारी शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "या आठवड्याची बातमी ही बसलीय की!" सगळे खिदळले.

मेळाव्याचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरत खाणीवर गेला. आईला तिथं कुणीतरी दाखवला. संध्याकाळी ती आली, चप्पलही काढली नाही. दारातूनच म्हणाली, "माझी साडी नेसून आमची नक्कल केलीस व्हय गं?"

एवढंच. मग ती चुलीकडं गेली.

मी पडवीत रडत बसले. काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "गप ऱ्हायलीस म्हनून नाचवलान तुला मेल्यानं. तोंड नाय काय तुला?"

पुढचा कार्यक्रम देवरूखला, कॉलेजात. मी माझा रोजचा ड्रेस घालून गेले. सरांनी गाडीच्या डिकीतून पिशवी काढली. आत साडी आणि शर्ट. दुकानातला कोरा शर्ट, त्याला तांबडी माती चोळलेली.

"मला माहीत होतं तू नखरे करणार. जा, बदलून ये."

कोरा शर्ट. वरून चोळलेली माती. माझ्या बापाची धूळ हा माणूस हातानं चोळून बनवतो. तिथं माझ्या आतलं भ्यायचं काहीतरी तुटलं.

"मी नाही घालणार."

"मग तशीच चल. दोन वाक्यं बोल आणि उतर."

स्टेजवर सरांनी तेच पान तसंच पुढं आणलं. मी दोनच वाक्यं बोलले. "हे पान मी केलंय. टूल मीबी वापरते, पण आत्ता दिसलं ते सरांनी आधीच उघडून ठेवलं होतं."

मग सरांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि हसत म्हणाले, "बघा! एआयनं हिला कॉन्फिडन्ससुद्धा दिला!" पोरं हसली. टाळ्याही पडल्या. माझं खरंही त्यांनी खिशात घातलं.

मी खाली उतरले नाही. माइकशिवाय ओरडले, "मग आत्ता करून दाखवा. कोऱ्या पानापासून. सगळ्यांसमोर."

"वेळ कमी आहे," सर म्हणाले. पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं.

बाहेर गाडीपाशी म्हणाले, "तुझ्यासारख्या पन्नास मिळतील. खाणीवरच जा परत." गाडी गेली. मी एसटीनं आले. नोकरी गेली.

त्यांच्या सगळ्या वेबसाइटचे पासवर्ड माझ्याकडं होते. ऐन आंब्याच्या दिवसांत बंद पाडता आल्या असत्या. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू? पण पाडलेली साइट दुसऱ्या दिवशी उभी राहते, आणि लोक बिचारा म्हणतात. मला तो माणूस बिचारा व्हायला नकोय. त्याचं दुकान रिकामं व्हायला हवंय, आणि ते कुणी रिकामं केलं हे त्याला कळायला हवंय.

म्हणून मी बागांमधून फिरते. पावस, गोळप, गणेशगुळे. बागेच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहून हाक मारते. बागायतदाराला त्याचंच पान दाखवते आणि म्हणते, "हे मी केलंय. आता यात एखादी गोष्ट बदलायला सांगा सरांना. मग मला सांगा. कोण करून देतं बघू." काही जण हाकलतात. एकानं कुत्रा सोडला. पण ज्याच्यासाठी मी ते पहिलं पान केलं होतं, तो आलाय माझ्याकडं. पडवीच्या पायरीवर बसून म्हणाला, "तुझ्या सराला तीनदा फोन केला मी. त्याचं आपलं एकच, करतो, करतो."

बाकीचेही येतील. मी दमणार नाही. सर, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवील, म्हणून लिहिते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. तुमचा एकेक बागायतदार मी उजेडात, तुमच्या डोळ्यांदेखत नेणार आहे.

आणि काकू, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे मीच तुम्हाला वाचून दाखवीन. त्याच हॉलमध्ये एक दिवस मी मेळावा भरवीन. तुम्हाला पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवीन. शाल तुमच्या खांद्यावर घालीन. सरांनाही बोलावणं धाडीन. त्यांनी शेवटपर्यंत उभं राहून बघायचं.