गल्लीकडे उघडणारे दार

भिसेगावातील आमच्या घराचे पुढचे दार वाळवीने पोखरले, तेव्हा मी सुताराकडून नवे बसवून घेतले आणि ते मुद्दाम बाहेर, गल्लीकडे उघडणारे ठेवले. आईच्या खुब्याचे हाड मोडले होते. तिची खाट अरुंद पुढच्या खोलीत दाराला लागूनच मावत होती. मागच्या खोलीत चूल आणि धूर. दार आत उघडले असते, तर खाटेवर आपटले असते.

समोर राहणारा, बऱ्याच भातशेतीचा मालक, ग्रामपंचायतीचा सदस्य होता. दारामुळे आपली बैलगाडी वळत नाही, अशी तक्रार त्याने केली. दार सार्वजनिक रस्त्यावर येता कामा नये, ते आतल्या बाजूस फिरवावे, अशी नोटीस मला बजावण्यात आली. मी नियम वाचला. नियम खरा होता. त्याच नियमाने त्याच्या ओट्याच्या पायऱ्याही रस्त्यातून हटायला हव्या होत्या. तेवढा भाग कोणाला वाचता आला नाही. आई बरी होईपर्यंत सवलत द्यावी, असे मी पंचायतीला व पुढे तहसीलदारांना लिहिले. उत्तरादाखल ग्रामसेवक टेप घेऊन आला. त्याच्यामागून सदस्यही आला आणि उंबऱ्यात उभा राहून आईला म्हणाला,

“आत नीज की गं म्हातारे, चुलीपाशी. ऊब हाय तिथं.”

“तू जन्मलास तवा तुझ्या आयशीपाशी मीच बसले होते रं,” आई म्हणाली. “चुकलंच माझं.”

ग्रामसेवक हसला. सदस्य हसला नाही.

दार फिरवले. ते खाटेला अडून अर्धेच उघडू लागले. शेजारणी अंग चोरून आत येत. काम नियमानुसार झाल्याचा दाखला मात्र विनाविलंब मिळाला.

पावसाळ्याच्या अखेरीस आईच्या छातीत कफ साठला. तिला दवाखान्यात न्यायचे, तर खाट दारातून निघेना. शेवटी आम्ही तिला चादरीत उचलले. सांधत आलेले हाड हलले आणि तिची किंकाळी सबंध गल्लीने ऐकली. सदस्य आपल्या ओट्यावर तंबाखू मळत होता. तो मळतच राहिला. आई परत आली नाही.

तेराव्यानंतर तो समाचाराला आला. खाट आम्ही काढून टाकली होती. त्याने दार लोटले, ते थेट भिंतीला जाऊन टेकले. त्याने ते एकदा मिटून पुन्हा उघडून पाहिले.

“आता कसं,” तो म्हणाला, “पुरं उघडतंय.”

आणि मी बसायला सांगेन म्हणून उभा राहिला. मी सांगितले नाही.