उस्तादांच्या किल्टची मधली निरी

कसालच्या बाजारात सरलाबायचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. ब्लाउज शिवावा तर तिनेच, आणि तिला 'तुम्हाला जमायचं नाही' असं चुकूनही म्हणू नये. दत्तप्रसाद ते विसरून म्हणाला की मुद्दाम म्हणाला, देव जाणे.

दत्तप्रसाद फौजेच्या बँडात बॅगपाइप वाजवून निवृत्त झालेला. जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी तो कसर लागून भोकं पडलेला जुना किल्ट आणि तसल्याच चौकड्यांचं नवं लोकरी कापड घेऊन दुकानात आला. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा घोळदार पोशाख. गावात त्याला सरळ घागरा म्हणून मोकळे होतात.

"ह्यो माझ्या बँडातल्या उस्तादांचो," तो म्हणाला. "ते गेल्यार तेंच्या बायकोन माका दिल्यान. असोच दुसरो होयो. सव्वीस जानेवारीक शाळेत वाजवतलंय. छातीत दम एका धुनेपुरतोच रवलो, पुढच्या वर्साचा काय खरा नाय. कोल्हापूरचो शिंपी म्हणता, सगळ्यो निऱ्यो एकाच बाजूक घालतंय. तुमकाय जमाचा नाय म्हणा."

सरलाने किल्ट उलटा करून पाहिला. एरवी किल्टच्या पाठीमागच्या निऱ्या सगळ्या एकाच दिशेला पडतात. इथे मधोमध एक रुंद, पेटीसारखी निरी होती. तिच्या डावीकडच्या निऱ्या डावीकडे वळलेल्या, उजवीकडच्या उजवीकडे. शिवलेल्या नऊवारीला तीस वर्षं निऱ्या बसवणारे तिचे हात ते बघूनच शिवशिवले.

"ठेवा थंय," ती म्हणाली. "जमतला."

नवं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही, हा सासूने घालून दिलेला नियम. सरलाने लोकरही कढत पाण्यात बुडवली आणि अंगणात उन्हात टाकली. सुती कापडाला नियम अगदी बरोबर. पण कसालात लोकर शिवायची वेळ येते कुणावर, की ती आटते हे कुणी सांगावं!

टाचण्यांनी निऱ्या बसवून तिने माप घेतलं, तेव्हा कळलं, कापड आटलं होतं. पुढचे दोन पदर एकमेकांवर पूर्ण यायला हवेत, ते जेमतेम चार बोटं येत होते. हे कापड मिळवायला दत्तप्रसादला दोन महिने लागले होते, आणि आता हातात नऊ दिवस.

"कापडच कमी दिलात, असा सांगा," काजंबटणं करणारी जानकी हळूच म्हणाली.

"माझी चूक तेंच्या गळ्यात घालू?" सरला कडाडली आणि चपला घालून दत्तप्रसादच्या घरी गेली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुमका सांगललंय," एवढंच म्हणाला. ते तिला फार लागलं. पण ती उठली नाही.

"उस्तादांचो किल्ट माका उसवूक दिया," ती म्हणाली. "तो कसो केलोहा ता कळल्याशिवाय माका रस्तो गावाचो नाय."

"तोय गेलो तर माझ्याकडे काय उरतला?"

"काय उरतला ता माका म्हायत नाय. पण हयसर मी सोडूचंय नाय."

शेवटी त्याने होकारार्थी मान हलवली.

सरलाने एकेक टाका हाताने उसवला. मधली रुंद निरी उघडली, आणि ती इतक्या मोठ्याने हसली की जानकी धावत आली. निरीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, भलत्याच काळ्या कापडाचा जोड होता! उस्तादांचा किल्ट शिवणाऱ्या शिंप्यालाही कापड कमी पडलं होतं. ती निरी नखरा नव्हता, अडचण झाकलेली होती.

तिने तो जोड दत्तप्रसादला नेऊन दाखवला. त्याने त्यावरून बोट फिरवलं. "बारा वर्सां तेंच्या मागे उभो रवान वाजवलंय," तो म्हणाला. "ही निरी बघीत. माका वाटायचा, मोठ्या माणसाची निशाणी आसात."

मग सरला थांबली नाही. मधल्या निरीत आत लपणारं कापड तिने दुसऱ्या कापडाचा जोड लावून वाचवलं आणि पुढच्या पदरांना दिलं. एकूण एक निरी हाताने शिवली, दोनदा उसवून पुन्हा शिवली. पंचवीसला संध्याकाळी किल्ट तयार झाला.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि दत्तप्रसादने उस्तादांची धून वाजवली. अख्खी शाळा समोर उभी होती. सरला मात्र मागे भिंतीशी उभी राहून निऱ्या बघत होती. प्रत्येक पावलाला त्या उघडत होत्या आणि पुन्हा जागेवर बसत होत्या. धून संपली तेव्हा तो धापा टाकत होता.

"जमला," तो तिच्याजवळ येऊन म्हणाला.

"मधल्या निरीत हात घाला."

त्याने हात पाठीमागे नेला, निरी उघडली, मान वळवून पाहिलं. आत काळा जोड नव्हता. फिकट, धुऊन मऊ झालेली, ओळखीची चौकडी होती. उस्तादांच्या किल्टचा कसर न लागलेला तुकडा तिने तिथे शिवला होता.

दत्तप्रसादने बॅगपाइप पुन्हा काखेत घेतला, निऱ्या तिला दिसतील असा सरलाकडे पाठ करून उभा राहिला आणि तीच धून परत पहिल्यापासून वाजवली.