टेकाडावरचा नळ

हसनाबादजवळच्या आमच्या गावाला तेवीस वर्षं धम्मपाल पाणी सोडतो. कोणत्या गल्लीत पाणी चढतं आणि कुठं नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच नवी टाकी वेशीजवळच्या सखल जागेत बांधायला घेतली, तेव्हा तो इंजिनिअरला म्हणाला, "साहेब, इथून टेकाडावरच्या वस्तीला पाणी चढायचं न्हाई बिलकुल."

पण हा पडला दहावी नापास, आणि नकाशा काढणारे शिकलेले! त्याचं कोण ऐकतो? टाकी तिथंच झाली. टेकाडावर घरोघरी चकचकीत नळ बसले, पाणी एकदाही आलं नाही. तरी पंचायतीच्या भिंतीवर निर्लज्जपणे रंगवलं: 'घरोघरी नळाचं पाणी, शंभर टक्के'.

परवा तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. टेकाड चढून दमले आणि धम्मपालच्याच ओट्यावर टेकले. म्हणाले, "जरा पाणी द्या."

त्याची बायको कांताबाई माठाकडे वळली. ते पाणी तिनं खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणलं होतं. धम्मपालनं तिला थांबवलं. रिकामा तांब्या साहेबांच्या हातात दिला आणि दारातल्या नळाची चावी पुरती फिरवली.

"धरा साहेब. भिंतीवर तुमीच लिव्हलंय ना, शंभर टक्के? मंग प्या."