उघाडीवाला मामा

आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यावा, असं मानणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत एकच आहे आणि तो माझा सख्खा मामा. गावच्या खाडीबांधावरची उघाडी सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं खारं आत येऊ द्यायचं नाही. हीच शिस्त त्याने घरालाही लावली. दारात कोणी उभं राहिलं की आधी विचारणार, "गोडा का खारा?" मला बघायला धाटावच्या कंपनीतले एक साहेब मुलाला घेऊन आले, त्यांनाही तेच. त्यांना वाटलं फराळाचं विचारतायत. "खाराच द्या, मला शुगर आहे," म्हणाले. मामाने दार लावून घेतलं. सोयरिक तिथेच संपली. पाणी दिसलं की बोट बुडवून चाखायचं ही त्याची दुसरी खोड. सत्यनारायणाचं तीर्थसुद्धा त्याने जिभेवर घोळवून "बरा हाय" असा दाखला दिला, तेव्हा भटजी पुढचा मंत्र विसरले.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे मी सांगणारच. बी.एस्सी.ला असताना ओटीवर बसून पेशीपटल पाठ करत होते. पेशीभोवतीचा पातळ पडदा. हवं ते आत घेतो, नको ते अडवतो. मामा सुपारी कातरत ऐकत होता.

"ही उघाडीच की. बघतो कोन तिला?"

"कोणी नाही मामा, आपोआप चालतं."

"आपोआप काय नाय होत गो. कोनीतरी जागा आसतो."

मी हसले. पान उलटलं आणि गारच पडले. या पटलात पंप असतात, ते आत शिरलेलं सोडियम सतत बाहेर फेकत असतात, थांबले तर पेशी फुगून फुटते, असं तिथे छापलं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने माझ्या पुस्तकाचं पुढचं पान सांगितलं होतं.

गेल्या वर्षी त्याच मामाच्या किडन्या गेल्या. मला ते खरंच वाटेना. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस करा, नाहीतर फार दिवस नाहीत. पेणला नेलं. नर्सबाईंची पाठ वळताच मामाने यंत्राजवळच्या कॅनमध्ये बोट घातलं, चाखलं आणि खाटेवरून खाली उतरला.

"खारा हाय. माझ्यात खाडी भरताव काय?"

नर्सबाई आ वासून बघत राहिल्या. मामा चपला शोधू लागला. मी दारात आडवी उभी राहिले.

"मामा, यंत्राला लावलेल्या त्या नळकांड्यात पडदा हाय. एका अंगाला तुझं रक्त, दुसऱ्या अंगाला हे पाणी. घाण पडद्यातून तिकडे जाते, रक्त इकडेच राहतं."

"म्हंजे उघाडी?"

"व्हय. उघाडी."

"मंग खारा भायेरच पायजे. बराबर हाय." पायात घातलेली एक चप्पल त्याने काढली. आडवा होता होता थांबला. "बघतो कोन तिला?"

या वेळी मी 'आपोआप चालतं' असं म्हणाले नाही.

"मी बघतेय."

यंत्र सुरू झालं. खाडीला तेव्हा भरती लागली असणार. भरतीच्या वेळेला डोळा मिटलेला मामा मी कधी पाहिला नव्हता. तो चक्क घोरत होता. आणि मी, त्याला यंत्रावरून सोडेपर्यंत, त्या नळकांड्यावरची नजर हलवली नाही.