पालखीचा ढोल आणि नवा ड्रमर

एका चांगल्या ढोलवाल्याची मी चारचौघांत फजिती केली, आणि तीही लबाडीने.

बिरवाडीत तो पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरीला आणि मूठ कानाला लावली, की बेअरिंग गेलंय का ते त्याला कळतं. हेवी मेटलही तो तसंच ऐकतो, डोळे मिटून. आम्हा दोघांचा आवडता बँड एकच. पण त्यांचा जुना ड्रमर बँड सोडून गेल्यापासून आमचं पटत नाही. मी नव्याच्या बाजूचा.

"गुरुजी, तो वाजवत नाय, पत्रे ठोकतोय," तो म्हणायचा. "आमच्या पालखीपुढं उभा तरी राहील का?" पालखीपुढच्या खालूबाज्यात, म्हणजे सनई-ढोलाच्या ताफ्यात, ढोल याचाच असतो.

शिमग्यात मी तो ढोल मोबाइलवर टिपला, त्यावर बँडची गिटार चढवली आणि नव्या ड्रमरचं म्हणून चहाच्या टपरीवर ऐकवलं.

त्याने डोळे मिटले. "हात बरा हाय, पण ताल सुटतो. नाय जमायचं याला."

"अरे, हा तुझाच ढोल!"

सगळी टपरी हसली. तोही हसला. पण पुढे पुतण्याच्या हळदीला त्याने ढोल दुसऱ्याच्या गळ्यात दिला. "माझा ताल सुटतो," म्हणाला.

मग मला राहवेना. दुकानात जाऊन मी त्याला मोटर बंद करायला लावली.

"ताल तुझा सुटला नव्हता. गिटारशी जुळेना म्हणून मी मधले ठोके कापले होते. ते तू बरोबर ओळखलंस. मला माफ कर."